कोपऱ्यातली नऊ पानं

परवा जळगाव जामोदला गेले होते. दादाच्या मुलाने आग्रहाने मळ्यात नेलं. मळा म्हणायचा तो जुन्या सवयीने. आता तिथे संत्र्याची झाडं आहेत, ओळीने उभी, अंगभर ऊन घेतलेली. फळ चांगलं धरलं होतं. उत्तरेला सातपुडा तसाच निळा, तसाच आडवा पडलेला. मी कुंपणाशी चपला काढल्या आणि अनवाणी आत शिरले.

"आत्या, काटे आहेत. चपला घाला ना," भाचा म्हणाला.

पण या जमिनीवर चपला घालून जायचं नसतं, हे माझ्या पायांना लहानपणी शिकवलेलं. ते माझं ऐकत नाहीत, भाच्याचं कुठून ऐकणार?

इथे आमचा पानमळा होता, आणि त्याच्या कडेलाच घर. विड्याच्या पानांचा. ज्याने पानमळा पाहिला नाही, त्याला मी तो कसा सांगू? बाहेर ऊन रटरटत असायचं, ताटी बाजूला सारून आत पाऊल टाकलं की एकदम संध्याकाळ. शेवरी आणि पांगाऱ्याच्या उंच बारीक खोडांवर वेल चढलेले, वर त्यांचंच छप्पर, खाली ओली काळी माती. त्या ओलीचा, कुजलेल्या केळीच्या सोपटाचा आणि पानांचा मिळून एक वास यायचा. थोडा तिखट, थोडा देवघरातला. बांधाकडेला पानपिंपळी होती, ती वाळत घातली की नाकात झिणझिण्या यायच्या. विहिरीवर मोट चालायची. चाकाची कुरकुर, मग क्षणभर काहीच नाही, मग थारोळ्यात पाणी धबकन ओतल्याचा आवाज. ती लय माझ्या अंगात इतकी भिनली होती की मोट थांबली की मला दचकायला व्हायचं.

बाबा अंगठ्यात पत्र्याची नखी घालून पानं खुडायचे. दिवसाचं पहिलं पान कपाळाला लावून मग टोपलीत. पानावर चुकून पाय पडला तर वाकून त्या पानाच्या पाया पडायचं. पानाशी खेळायचं नाही, पान जमिनीवर ठेवायचं नाही, उगाच फाडायचं तर नाहीच नाही. आमचे बाबा फार बोलणारे नव्हते. जे काही बोलायचे ते बहुतेक पानांबद्दल.

दादा खामगावला एका जिनिंगमध्ये कारकून होता, सुटी मिळाली की यायचा. त्याचं लग्न झालं आणि वयनी घरात आली. अमरावतीची. तिच्या पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या तळाशी बीजगणिताचं पुस्तक होतं. मी ते पाहिलं तेव्हा तिने पटकन पेटीचं झाकण लावलं, आणि मग माझा चेहरा बघून पुन्हा उघडलं.

"मॅट्रिकले बसली होती मी," ती हळूच म्हणाली. "गणितात गेली. उन्हाळ्यात लग्न झालं, मग संपलंच."

मीही गावच्या हायस्कुलात, मुलांच्या वर्गात वेगळ्या बाकावर, दोन इयत्ता बसले होते. मग मोठी झाले म्हणून घरी बसवलं होतं. त्या पेटीपुढे आम्ही दोघी मांडी घालून बसलो त्या दुपारी नणंद-भावजय हे नातं कुठे गेलं कोण जाणे. ती पुस्तकाची पानं उलटत होती आणि मी त्यांचा वास घेत होते.

वयनी बाबांशी बोलत नसे. म्हणजे भांडण वगैरे काही नाही. सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही, एवढंच. बाबा मळ्यातून आले की दाराशी खाकरायचे. वयनी पदर पुढे ओढून आत जायची. मग सगळी बोलणी माझ्यामार्फत.

"तिले विचार, मोटेवरच्या गड्याची भाकर झाली का?"

वयनी आतून माझ्या कानात: "झाली म्हना."

"झाली म्हणते."

वयनीचा आवाज कसा आहे हे बाबांना ठाऊक नव्हतं. पडवीत मात्र आम्ही दोघी पानं निवडायला बसलो की तिच्या तोंडाला खळ नसायचा. अमरावतीच्या शाळेतल्या गमती, तिथल्या बाईंची नक्कल, असं कायकाय.

त्या वर्षी गावात मुलींच्या शाळेसाठी मॅट्रिक झालेली मास्तरीण हवी होती. दादाने बाजाराच्या दिवशी घरी येऊन तो विषय काढला. बाहेरून परीक्षेला बसता येतं, नागपूरच्या बोर्डाचा फॉर्म मी आणतो, वयनीबरोबर हिलाही बसवू, म्हणाला. माझ्यासाठी तेल्हाऱ्याकडचं एक स्थळ सांगून आलेलं होतं. बाबा बराच वेळ नखी बोटात फिरवत राहिले.

"बसू दे," शेवटी म्हणाले. "दोघीले बसू दे. पन एकडाव. नाही जमलं त पुन्हा हा विषय घरात नाही."

मायने कपाळाला हात लावला, आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळची चूल स्वतःकडे घेतली. "उघडा तुमचं पुस्तक," म्हणाली, "भाकरी मी टाकतो." मायचं सगळं असंच असायचं. आधी कपाळाला हात, मग तोच हात कामाला.

इतिहास झाला, भूगोल झाला, इंग्रजी अडखळत का होईना पुढे सरकलं. पण वर्गसमीकरणं आली आणि वयनीचा चेहरा उतरला. ती तिथेच पडली होती. पूर्ण वर्ग करण्याची रीत तिला तोंडपाठ होती, स्तोत्र म्हणावं तशी: क्षच्या सहगुणकाचं अर्ध करा, त्या अर्धाचा वर्ग मिळवा.

"अर्ध काऊन?" मी विचारलं.

"पुस्तकात आहे म्हनून."

"पन काऊन?"

ती हसली. मग तिचं हसू मावळलं. "मले कोनी सांगितलंच नाही वो," ती म्हणाली, "अन् मी कोनाले विचारलंच नाही."

पुढचे कितीतरी दिवस तो 'काऊन' आमच्याबरोबर पानं निवडायला बसायचा.

मग एका दुपारी ते झालं. पावसाळा सरत आलेला होता, पडवीत ओल्या गोणपाटावर पानांचे ढीग होते. टोपल्यांना आतून लावायला केळीच्या पानाच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या होत्या. मध्ये आमचा एक चौकोनी पाट पडला होता. पट्ट्या बरोबर त्या पाटाच्या लांबीच्या होत्या, आणि रुंदीला एका विड्याच्या पानाएवढ्या. कोणाला सुचलं ते आज सांगता येणार नाही. मी म्हणते वयनीला, वयनी मरेपर्यंत म्हणत राहिली की मला.

पाट म्हणजे क्ष वर्ग. त्याची बाजू केवढी ते आपल्याला ठाऊक नाही. एक पट्टी म्हणजे एक क्ष. लांबी पाटाएवढी, रुंदी एक पान. आता क्ष वर्ग अधिक सहा क्ष. आम्ही सहाही पट्ट्या पाटाच्या एका बाजूला लावल्या. नुसतंच लांबुडकं काहीतरी झालं, पलंगासारखं. मग त्यातल्या तीन पट्ट्या उचलून पाटाच्या खालच्या अंगाला लावल्या. तीन उजवीकडे, तीन खाली. आणि दोघींनाही एकदम दिसलं. चौकोन होत आला होता. फक्त एक कोपरा रिकामा होता, आणि तो कोपरा तीन पानं रुंद, तीन पानं लांब होता.

वयनीने टोपलीतून पानं घेतली आणि त्या कोपऱ्यात एकेक मांडत गेली. विड्याची पानं काही चौकोनी नसतात, कडा एकमेकींवर चढत होत्या. तरी नऊ पानांनी कोपरा हिरवा झाला. मोठा चौकोन पुरा झाला.

"म्हनून अर्ध!" वयनी ओरडलीच. "दोनी आंगाले सारखं वाटायचं म्हनून अर्ध, बाई!" तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. मग ती थबकली. "पन हे नऊ पानं आपले नव्हते. ते टोपलीतले. म्हंजे जेवढे घातले तेवढे परत करा लागते. अधिक नऊ, अन् मंग वजा नऊ." तिने पदराने डोळे पुसले आणि खुदकन हसली. "त्या परीक्षेत मी काय केलं माहीत आहे? नऊ पानं चोरले मी बोर्डाचे. परत केलेच नाही!"

आम्ही इतक्या हसत होतो की बाबा आलेले कळलं नाही. आणि त्या दिवशी ते खाकरलेही नाहीत, किंवा खाकरले असतील आणि आम्हाला ऐकू गेलं नसेल. ते दारात उभे होते. जमिनीवर मांडलेल्या पानांकडे बघत.

वयनीने पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"हे काय मांडून राह्यल्या?" बाबांनी मला विचारलं.

"अभ्यास."

"पानाचा?"

"गणिताचा. बाबा, हा पाट म्हणजे क्ष..."

"क्ष म्हंजे?"

"म्हणजे किती ते माहीत नाही."

"आपल्या घरचा पाट, अन् किती ते माहीत नाही?"

मागून वयनी कुजबुजली, "बाजू सांग, बाजू." मी म्हटलं, "बाजूची बाजू मिळवायची, मग अर्ध्याचा कोपरा करायचा, म्हणजे वर्ग वजा..." आणि बाबांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत चालल्या. ते पानं उचलायला वाकले.

"तसं नाही ते!"

हा आवाज वयनीचा होता. मोठा, स्वच्छ, भिंतीवर आपटून परत आलेला. त्यानंतर लांब विहिरीवरच्या मोटेची कुरकुर तेवढी ऐकू आली. चूल फुंकत असलेली माय फुंकणी हातात घेऊन दाराशी आली. बाबांचा हात पानांवर तसाच थांबला होता. दोन वर्षं ज्या घरात ती राहत होती त्या घराच्या मालकाने तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला होता.

आता ती आत पळेल, असं मला वाटलं. ती पळाली नाही. आधी भिंतीकडे बघतच बोलली, मग बोलण्याच्या भरात हळूहळू वळली.

"मामाजी, पाट मोजायचा नाही. तो असन तेवढा. ह्या सहा पट्ट्या एकीकडे लावल्या त चौकोन होत नाही. तीन इकडे अन् तीन खाली लावल्या की होत येते. हा कोपरा तेवढा राह्यते. तीन रुंद, तीन लांब. नऊ पानं. ते घातले की पुरा चौकोन. मंग नऊ पानं आपले नव्हते म्हनून परत टोपलीत. एवढंच आहे ते."

बाबा उकिडवे बसले. डोक्यावरचं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं. ते पानं बघत होते की हिशेब बघत होते, मला कळत नव्हतं.

"अन् पट्ट्या पाच असल्या त?" ते म्हणाले.

मला नव्हे. तिला.

अशी गणितं आम्ही मागे टाकत आलो होतो. तिने एक पट्टी काढून बाजूला ठेवली. दोन उजवीकडे, दोन खाली, आणि पाचवी हातात. ती तिने मधोमध उभी फाडली. अर्धी उजवीकडे लावली, अर्धी खाली.

"अडीच-अडीच," ती पुटपुटली. मग कोपऱ्यात पानं मांडायला लागली. चार अख्खी बसली. त्यांच्या कडेला अर्धी हवी होती. तिने पान हातात घेतलं आणि बाबांकडे पाहिलं. पान फाडायचं होतं.

"फाड," बाबा म्हणाले.

चार अर्धी बसली. दोन पानांतच ती झाली. अगदी टोकाला एक इवलासा चौकोन उरला. तेव्हा बाबांनी स्वतः टोपलीतून एक पान उचललं, विड्यासाठी घडी घालतात तशी त्याची दोनदा घडी घातली, अंगठ्यातल्या नखीने नेमका पाव भाग कापला आणि त्या टोकाला ठेवला. उरलेलं पान तोंडात टाकलं.

"झाला पुरा?" चघळत चघळत त्यांनी विचारलं.

"हाव. सवा सहा पानं. तेवढी परत करायची."

"मी त खाऊन राह्यलो. आता कसं परत करू?"

वयनी हसली. सासऱ्यासमोर, तोंडाला पदर न लावता. माय दारातून म्हणाली, "घरातली रीत गेली माय!" पण तिचा स्वर रागाचा नव्हता. बाबा उठले, मुंडासं डोक्यावर ठेवलं आणि अंगणात गेले. तिथून त्यांचा आवाज आला.

"सूनबाई, रोज मांडायचे असन त दागी पानं घेत जा. चांगल्याले हात लावू नका."

माझ्याकरवी नव्हे, सरळ तिलाच. त्या दिवसापासून माझी दुभाष्याची नोकरी सुटली.

परीक्षेला आम्ही नांदुऱ्याहून आगगाडीने गेलो, जलंबला गाडी बदलून खामगावला. स्टेशनात उतरलो तेव्हा हवेत सरकीचा वास होता आणि जिनिंगच्या भोंग्याने मी दचकले. दादाच्या खोलीत पहाटेच्या चहाला पितळी पेले होते. गणिताच्या पेपरला वयनी माझ्या दोन बाकं पुढे बसली होती. समीकरणात क्षचा सहगुणक सात होता. मी मान वर केली तर तिची दोन बोटं बाकावर न दिसणारी पट्टी उभी फाडत होती. मला एवढं हसू आलं की पर्यवेक्षकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. साडेतीन, साडेतीन. त्या क्षणी त्या उकडणाऱ्या दालनात माझ्या नाकात ओल्या मातीचा वास आला.

निकालाचं वर्तमानपत्र दादा घेऊन आला. वयनीचा क्रमांक त्यात होता. माझा नव्हता. मी इंग्रजीत गेले होते.

मळ्यात जाऊन मी एका शेवरीला धरून उभी राहिले. वेलांच्या छपरातून उन्हाचे कवडसे पडत होते, मोट चालू होती, सगळं नेहमीसारखं. बाबांचा शब्द मला ठाऊक होता. एकडाव. मी रडले नाही. त्या वयात सगळं ठरलेलंच असतं असं वाटायचं. तेल्हाऱ्याचे लोक पुढच्या आठवड्यात बघायला येणार होते.

रात्रीच्या जेवणाला बाबा पाटावर बसले. वयनी वाढत होती. त्यांच्या ताटात वरण घातलं, आणि भांडं खाली ठेवून ती उभीच राहिली.

"मामाजी, मी शाळेत जानार नाही."

"काऊन?"

"हिचं झाल्याबिगर नाही. हिले पुन्हा बसवा."

"मी बोललो होतो. एकडाव."

"बोलले होते. मी आयकलं होतं," वयनी म्हणाली. "तरी बोलून राह्यली."

मायचा भाकरी थापणारा हात थांबला. दादा ताटात बघत राहिला. बाबांनी घास तोंडापाशी नेला होता, तो परत ताटात ठेवला. मी दाराआड उभी होते. तिने मास्तरणीची नोकरी, अख्ख्या तालुक्यात जिचं नाव होणार होतं ती, माझ्यासाठी वरणाच्या भांड्याशेजारी जमिनीवर ठेवली होती. मी तिला हे सांगितलं नव्हतं. सुचवलंही नव्हतं.

"बसव," बाबा म्हणाले. "पन इंग्रजी तूच घे तिची. अन् तेल्हाऱ्याले मी सांगतो, यंदा नाही म्हून." आणि घास उचलता उचलता, तिच्याकडे न बघता, "उद्यापासून शाळेत जा. थांबू नको. तुले बोलता येते, ते पोरीईले शिकव."

पुढच्या वर्षी मी पास झाले. मग अमरावतीला कॉलेज, मग नोकरी. कितीतरी गावांतल्या कितीतरी वर्गांत मी फळ्यावर एक चौकोन काढला, त्याला पट्ट्या जोडल्या आणि कोपरा रिकामा ठेवून मुलींकडे वळले. प्रत्येक वर्गात एखादी तरी उठून विचारायचीच, "बाई, अर्धंच का?" त्या मुलीवर माझा जीव बसायचा.

वयनीने गावची शाळा आयुष्यभर चालवली. नागपूरचा कारभार गेला, मुंबईचा आला, निकालाच्या कागदांवरची नावं बदलत गेली. एका वर्षी मळ्यातले वेल सुकायला लागले आणि सुकतच गेले. मोट गेली, ताट्या गेल्या, घर गावात हललं, बाबा गेले. शेवटच्या दुखण्यात ते कोणाशी फारसं बोलत नव्हते, पण वयनी शाळेतून आली की डोळे उघडायचे. आज पोरींनी काय काय केलं ते ती त्यांना मोठ्याने सांगायची. पेरू खाऊन बाकाखाली बिया टाकल्या, कोणीतरी फळ्यावर मास्तरणीचंच चित्र काढलं. ते डोळे मिटून ऐकायचे.

वयनीला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी शेवटची भेटले तेव्हा ती आजारी नव्हती, नुसती म्हातारी होती. आम्ही ओट्यावर बसून शेंगा फोडल्या आणि शेजारणींच्या सुनांबद्दल बोललो. आमच्याकडे घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत. मानायला गेले असते तर ती म्हणाली असती, "काय बाई, परकी झाली का तू?" म्हणून ते राहिलं. तसं राहूनच गेलं.

परवा संत्र्याच्या त्या झाडांमध्ये भाचा पुढे निघून गेला होता. मी थांबले. जिथे साधारण आमची पडवी असावी तिथे उभी राहिले, आणि मोठ्याने म्हणाले, "वयनी, माझ्यासाठी बोललीस ना तू त्या दिवशी, त्याच्यावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं बघ."

आळं करत असलेला राखणदार कुदळ थांबवून माझ्याकडे बघू लागला.

"कोनाशी बोलून राह्यल्या, मावशी?"

"घरच्या माणसाशी," मी म्हटलं.

"मंग बोला की," तो म्हणाला, आणि पुन्हा खाली वाकला.